चौकोनी डोक्याची काठी: नव्या अवजाराची पारख कशी झाली

(मुरुड येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय गोल्फच्या एका काठीचा आहे. मुरुडात गोल्फ? असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. या सभागृहातल्या बहुतेकांनी गोल्फची काठी हातात धरलेली नसणार, आणि आजच्यासाठी त्याची गरजही नाही. आपल्याला बघायचंय ते एवढंच, की एखादं अवजार नेहमीच्या घाटाचं नसेल तर लोक त्याची पारख कशी करतात, कोण करतं, आणि त्या पारखीत खरं-खोटं कसं वेगळं होतं.

सुरुवात मात्र मुरुडापासूनच करू. आपल्या गावावरून जाणारी रेल्वे आज मोठ्या रुळांची आहे. पण वयस्कर मंडळींना आठवत असेल ती बार्शी लाइट रेल्वे, छोटी गाडी. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही गाडी. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. एवढ्या अरुंद रुळांवर गाडी भरवशानं चालेल का, माल वाहील का, ही शंका तेव्हा मोठमोठ्या जाणकारांना होती. कॅलथ्रॉपनं काय केलं? नुसता वाद घातला नाही. १८९६ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथं चाचणीचा रूळमार्ग टाकून डबे प्रत्यक्ष चालवून दाखवले.

त्याचा मूळ मुद्दा ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं व्याख्यान त्यावर आहे. तो म्हणत होता की गाडीचं एकूण वजन किती यापेक्षा ते वजन कुठं आणि कसं वाटलंय हे महत्त्वाचं. इंजिन असो की डबा, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळही पुरतात. वजन तेवढंच ठेवायचं, जागा बदलायची. गोल्फच्या चौकोनी काठीची गोष्टही हीच आहे.

काठीचा वंश

गोल्फ आपल्या देशात फार जुना आहे. ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना टिकून राहिलेला गोल्फ क्लब कोणता, तर कलकत्त्याचा, १८२९ चा. मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला. आजही चालू असलेला चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब १९२७ चा. जगात नाव मिळवलेला अनिर्बान लाहिरी जन्मानं पुण्याचा. म्हणजे खेळ इथं पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ आहे. फक्त तो छावणी, क्लब आणि पैसेवाले यांच्या कुंपणाआत राहिला, म्हणून आपल्याला परका वाटतो.

या खेळात काठ्या बऱ्याच असतात. त्यातली सगळ्यात लांब, पहिला दूरचा फटका मारायची काठी म्हणजे ड्रायव्हर. तिच्या टोकाला एक डोकं असतं, साधारण २०० ग्रॅमचं. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. व्यावसायिक खेळाडूच्या हातात हे डोकं ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरतं. चेंडू आणि डोकं एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढा वेळ. चेंडू सरळ जायचा का झाडीत, हे तेवढ्यात ठरतं. त्यानंतर देवाचा धावा करून उपयोग नाही.

पूर्वी हे डोकं लाकडाचं असे. विसाव्या शतकात पर्सिमन नावाच्या झाडाचं लाकूड मानाचं समजलं जाई. आकार नासपतीसारखा, मागून गोलसर. १९७९ मध्ये गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड कंपनी काढून पोलादी पोकळ डोकं बाजारात आणलं. लोक हसले. लाकडी काठीला लोखंड लावलंय म्हणाले. पण पोकळ डोक्याचा फायदा असा की वजन मधे साठून न राहता कवचात, म्हणजे कडेला जातं. १९९१ मध्ये कॅलावेनं बिग बर्था आणली, तिचं डोकं त्या काळी प्रचंड वाटलं. ते होतं १९० घन सेंटिमीटर. पुढं टायटॅनियम आलं, हलकं आणि मजबूत, आणि डोकी फुगतच गेली. शेवटी २००४ मध्ये नियम करणाऱ्या संस्थांनी मर्यादा घातली, ४६० घन सेंटिमीटर. तेरा वर्षांत डोकं दुपटीहून मोठं झालं होतं.

आता बघा, मोठं करायची वाट बंद झाली. मग कंपन्यांकडे काय उरलं? आकार बदलणं.

डोंबाऱ्याची काठी

चौकोनाचं शास्त्र कळायला आपल्या जत्रेत चला. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांब बांबू आडवा धरते. का धरते? बांबूचं वजन तिच्यापासून लांब, दोन्ही टोकांना पसरलेलं असतं. त्यामुळं तोल जायला लागला तरी तिचं कलणं सावकाश होतं आणि सावरायला सवड मिळते. तेवढ्याच वजनाची धोंड पोटाशी बांधली असती तर हा फायदा मिळाला नसता. बारावीच्या पुस्तकात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकी ती वस्तू फिरवायला अवघड. आणि इथं लांबीचा हिशेब वर्गानं होतो. अंतर दुप्पट केलं तर परिणाम चौपट.

गोल्फमध्ये हे का लागतं? कारण माणूस चेंडू दर वेळी काठीच्या बरोबर मध्यावर मारत नाही. दीड-दोन सेंटिमीटर इकडं-तिकडं होतंच. मग डोकं त्या धक्क्यानं हातात फिरतं, चेंडूला पूर्ण जोर मिळत नाही आणि तो भलतीकडं जातो. डोकं फिरायला अवघड केलं, तर चुकलेला फटका कमी चुकतो. आपण बाजारात जिला क्षमाशील काठी म्हणू, ती हीच.

हे पहिल्यांदा पद्धतशीर केलं कार्स्टन सोल्हाइम यांनी. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले इंजिनिअर, जन्म नॉर्वेचा. १९५९ मध्ये त्यांनी जवळच्या हलक्या फटक्यासाठीची काठी, म्हणजे पटर, अशी बनवली की वजन दोन टोकांना आणि मधे मोकळं. चेंडू लागला की पिंग असा आवाज यायचा, म्हणून काठीचं आणि पुढं कंपनीचंही नाव पिंग पडलं. दिसायला ती विचित्रच होती, पण चेंडू भोकात जायला लागल्यावर हसणं आपोआप थांबलं.

ही कल्पना तुमच्या-माझ्या क्रिकेटमध्येही आली, बरं का. १९७० च्या दशकात ग्रे-निकल्सनं पाठ कोरलेली बॅट आणली, स्कूप. पाठीमागून पन्हाळीसारखं लाकूड काढून घेतलेलं आणि वजन कडांना ठेवलेलं. ही युक्ती गोल्फच्या काठीवरून उचललेली होती. पाठ पोखरलेली बॅट मोडेल असं वाटणारे पुष्कळ होते. पुढं १९९४ मध्ये ब्रायन लारानं ३७५ आणि नाबाद ५०१ हे दोन विक्रम केले, तेव्हा त्याच्या हातात याच घराण्यातली बॅट होती.

२००७ चा चौकोन

आता मुख्य गोष्ट. २००७ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी जवळपास एकाच वेळी चौकोनी ड्रायव्हर बाजारात आणले. कॅलावेचा एफटी-आय आणि नायकेचा सुमो स्क्वेअर. पुढून पाहिलं तर काठी नेहमीचीच. चेंडूला लागणारा चेहरा तोच. पण वरून पाहिलं तर मागची गोलाई गायब, आणि तिथं दोन कोपरे.

कोपरे कशाला? डोंबाऱ्याच्या बांबूची टोकं म्हणून. मागच्या दोन कोपऱ्यांत वजन टाकलं की ते मध्यापासून आणि चेहऱ्यापासून सगळ्यात लांब जातं. डोकं तेवढंच जड, तेवढ्याच आकारमानाचं, पण फिरवायला अवघड. नियमात आणखी एक अट होती: डोक्याची रुंदी पुढून मागच्या खोलीपेक्षा जास्तच हवी. त्यामुळं हवं तितकं मागं ताणता येत नव्हतं. दिलेल्या चौकटीत वजन जास्तीत जास्त लांब न्यायचं तर चौकोनच निघतो. म्हणजे हा आकार कुणा चित्रकाराच्या डोक्यातून आला नव्हता. नियमांच्या भिंतींनी तो घडवला होता.

आणि नियम करणारेही झोपलेले नव्हते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं जडत्व आघूर्णावरही मर्यादा घातली: ५९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर, मोजणीतल्या फरकासाठी वर १०० ची सूट. नायकेनं काय केलं? त्या काठीच्या नावातच ५९०० घातलं. कायद्याच्या कुंपणाला पाठ टेकवून उभं राहायचं आणि तेच जाहिरातीत सांगायचं.

पारख: चार पंच

मग या काठीची पारख झाली. माझ्या मते चार पंचांनी केली, आणि चौघांचा निकाल एक आला नाही. इथं जरा थांबून बघण्यासारखं आहे.

पहिला पंच यंत्र. गोल्फमध्ये काठी फिरवणारी यंत्रं १९६० च्या दशकापासून आहेत. बायरन नेल्सन या खेळाडूच्या फटक्यावरून बनवलेल्या यंत्राला लोक आयर्न बायरन म्हणत. यंत्र प्रत्येक फटका सारखाच मारतं. चेंडू मुद्दाम एक-दोन सेंटिमीटर सरकवून ठेवला की चुकलेल्या फटक्याचं मोजमाप मिळतं. या कसोटीत चौकोनाच्या बाजूनं भौतिकशास्त्रच उभं होतं. डोकं कमी फिरतं, त्यामुळं चेंडू कमी भरकटतो.

पण यंत्राला जे विचारलं तेवढंच ते सांगतं. काठीचा चेहरा मुळातच तिरका आला, तर जडत्व काही करू शकत नाही. चेंडू तिरकाच जाणार. उलट जे डोकं धक्क्यानं फिरत नाही, ते खेळाडूच्या मनगटानंही सहज फिरत नाही. ज्याला मुद्दाम चेंडू वळवून झाडाला वळसा घालायचाय, त्याला ही काठी हट्टी वाटते. जो गुण तोच अवगुण. नांगराचंही असंच ना? सरळ तास धरणारा जड नांगर बांधाच्या कोपऱ्यावर वळवताना घाम काढतो.

दुसरा पंच नियम. चेंडू डोक्यावरून किती उसळतो यावर मर्यादा आहे. चेहरा जास्त लवचीक असेल तर तो स्प्रिंगसारखा चेंडू फेकतो. हे मोजायला लोलकाची चाचणी असते: छोटा लोलक चेहऱ्यावर आपटायचा आणि किती वेळ चिकटून राहतो ते बघायचं. मर्यादा २३९ मायक्रोसेकंदांची, वर १८ ची सूट. २००७ च्या वसंतात नायकेच्या चौकोनी काठीचे काही नग या मर्यादेबाहेर गेल्याचं आढळलं आणि कंपनीनं ते परत घेऊन बदलून द्यायचं ठरवलं. यात फसवणूक शोधायची गरज नाही, पण धडा आहे. मंजुरीला दिलेला नमुना एक आणि कारखान्यातून निघणारे हजारो नग वेगळे. बियाण्याच्या पिशवीवरचा शिक्का आणि पिशवीतलं बी, यातला फरक मराठवाड्याला कुणी समजावून सांगायला नको.

तिसरा पंच विजेता. दक्षिण कोरियाचा के. जे. चोई हा खेळाडू चौकोनी काठी घेऊन उतरला आणि २००७ मध्ये त्यानं जॅक निकलॉस यांची मेमोरियल स्पर्धा आणि टायगर वुड्स यजमान असलेली एटी अँड टी नॅशनल या दोन्ही जिंकल्या. यापेक्षा मोठी शिफारस कोणती? पण जरा विचार करा. चोई जिंकला ते काठीमुळं, की काठी असूनही? एका माणसाच्या जिंकण्यावरून हे सांगता येत नाही. स्पर्धा ड्रायव्हरवर जिंकली जात नाही, जवळचे फटके आणि पटरही असतात. शिवाय सगळ्यात चांगला खेळाडू मध्यावरून सगळ्यात कमी चुकतो, म्हणजे क्षमाशील काठीची गरज त्यालाच सगळ्यात कमी. पारखीला तो चुकीचा माणूस आहे. आणि जाहिरात मात्र त्याच्याच तोंडून होते.

चौथा पंच साधा खेळाडू, रविवारी सकाळी मैदानावर जाणारा. ही काठी खरी त्याच्यासाठीच होती. तो जास्त चुकतो, त्याला जास्त क्षमा लागते. पण त्याला दोन गोष्टी खटकल्या. एक दिसणं. चेंडूसमोर उभं राहून खाली पाहिलं की गोलाईच्या जागी कोपरा, आणि नेम धरायला सवयीची रेषा सापडेना. दुसरा आवाज. नायकेची काठी संपूर्ण धातूची, पोकळ, आणि तिच्या पाठीला मोठे सपाट पत्रे. सपाट पत्रा वाजतो, हे पत्र्याच्या घरात पावसाळा काढलेल्याला सांगावं लागत नाही. फटका मारला की डबा वाजल्यासारखा आवाज व्हायचा आणि शेजारच्या मैदानावरची माणसं वळून बघायची. कॅलावेच्या काठीची पाठ कार्बन तंतूंची होती, म्हणून ती एवढी वाजत नव्हती.

आता कुणी म्हणेल, आवाजाचं काय घेऊन बसलात, चेंडू सरळ जातोय ना? पण खेळाडूला फटका बरा बसला की वाईट, हे कान आणि हातच सांगतात. तो निरोप बदलला की विश्वास डळमळतो, आणि डळमळलेल्या हातानं फटका बिघडतो. म्हणजे यंत्राच्या कसोटीत मिळवलेले काही मीटर माणसाच्या हातात हरवू शकतात. यंत्राला कान नसतात, म्हणून हा तोटा त्याच्या आकड्यांत दिसत नाही.

आकार गेला, तत्त्व राहिलं

पुढं काय झालं? काही वर्षांतच चौकोनी ड्रायव्हर दुकानांतून जवळजवळ नाहीसे झाले. वेग मिळावा म्हणून हवेचा विरोध कमी करणाऱ्या डोक्यांकडे कंपन्या वळल्या, आणि तिथं कोपऱ्यांना जागा नव्हती. आज चौकोनी काठी दाखवली तर जुने गोल्फर हसतात. मग ही काठी नापास झाली म्हणायची का?

इथं इतिहास कामाला येतो. आज बाजारात असलेले ड्रायव्हर बघा. २०२४ मध्ये टेलरमेड आणि पिंग या दोघांनीही १० के म्हणून मिरवणाऱ्या काठ्या आणल्या. १० के म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांचं जडत्व आघूर्ण मिळून दहा हजार. चौकोनी काठी ज्यासाठी जन्मली तेच ध्येय, फक्त गोल अंगात. हे कसं जमलं? कार्बन तंतूंच्या हलक्या पाठीमुळं वाचलेलं वजन मागच्या टोकाला एका जड पट्टीत ठेवता आलं. कोपऱ्याची गरज संपली. २००७ मध्ये ते कसब पुरेसं हातात नव्हतं, म्हणून कोपरे काढावे लागले.

म्हणजे बाजारात आकार हरला, पण त्यामागचा विचार जिंकला. आपण हसतो त्या काठीचंच काम आज सगळे वापरतात, आणि श्रेय देत नाहीत. बार्शी लाइटही २००७-०८ मध्ये मोठ्या रुळांत विरून गेली. पण जवळपास शंभर वर्षं या भागातला माल आणि माणसं तिनं वाहिली. पंढरीची वारी तिच्यावरून झाली. ती गेली म्हणून कॅलथ्रॉप चुकला होता असं कुणी म्हणणार नाही.

याउलट उदाहरणंही आहेत, नाहीतर विचित्र दिसणारं सगळंच खरं असा गैरसमज व्हायचा. १७७१ मध्ये इंग्लंडात थॉमस व्हाइट नावाचा फलंदाज यष्टींएवढी रुंद बॅट घेऊन आला. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंच ठरली. ती आजही तेवढीच आहे. गंमत म्हणजे गोल्फच्या भोकाचा व्यासही सव्वाचार इंचच. १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिलीनं ॲल्युमिनियमची बॅट आणली. चेंडू खराब होतो अशी तक्रार झाली आणि पुढं बॅट लाकडाचीच हवी असा नियम आला. २०१० च्या आयपीएलमध्ये मॅथ्यू हेडननं मुंगूस बॅट काढली. पातं आखूड, दांडा लांब. दिल्लीविरुद्ध ४३ चेंडूंत ९३ धावा. दुसऱ्या दिवशी गल्लोगल्ली तीच चर्चा. पण एक डाव म्हणजे चाचणी नव्हे. बॅट जोरात मारायला ठीक, पण बचावाला पातंच नाही. ती रुळली नाही.

आपल्यासाठी काय

मंडळी, हे सगळं गोल्फपुरतं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. आपल्याकडे दर हंगामाला नवं अवजार दारात येतं. पेरणीयंत्र, फवारणीचा ड्रोन, नवं वाण, पोरांच्या अभ्यासाचं ॲप. विकणारा विजेत्याचा फोटो दाखवतो. न घेणारा शेजारी आकाराला हसतो. दोघंही पारख करत नाहीत.

चौकोनी काठीच्या इतिहासातून चार प्रश्न घेऊन जा. एक, ही वस्तू नेमकी कोणती चूक कमी करते, आणि ती चूक माझी आहे का? दोन, चाचणी कुणाच्या हातात झाली, माझ्यासारख्याच्या की पटाईताच्या? तीन, दाखवलेला नमुना आणि मला मिळणारा नग एकच आहे का? आणि चार, जो गुण सांगितला जातोय, त्याचा उलटा तोटा कुठं निघतो?

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. पण विचारले नाहीत तर पैसा आपला जातो, आणि कधी कधी हंगामही. आणि एक उलटी बाजूही आहे. आपल्याच गावातलं एखादं पोरगं वर्कशॉपात काही वेडंवाकडं घडवत असेल, तर नुसत्या आकारावरून त्याला हसू नका. लीड्सजवळ कॅलथ्रॉपनं जे केलं ते त्याला करू द्या. रूळ टाकू द्या, गाडी चालवून दाखवू द्या, मग बोला.

 काही प्रश्न असतील तर आता घेऊ.